एक लांब, दोन आखूड

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा कॉम्प्युटर उठला नाही.

आदल्या दिवशी त्याची यथासांग पूजा झाली होती. आमच्याकडे दसऱ्याला विळी, कोयता, आईच्या वेळचं शिवणयंत्र, माझी स्कूटर आणि पाटीवर काढलेली सरस्वती यांच्या पंगतीला कॉम्प्युटरही बसतो. सीडीच्या कप्प्यावर गंधाचं बोट, डोक्यावर झेंडू, पुढ्यात आपट्याची दोन पानं. सोनं घेऊन दुसऱ्या दिवशी ओळख न दाखवणारी माणसं मी पाहिली आहेत. यंत्र पहिल्यांदाच पाहिलं.

बटण दाबलं की आतला पंखा फिरायचा, पुढचा हिरवा दिवा लागायचा, पडदा मात्र काळाच. जरा वेळानं मॉनिटरवर एक छोटी चौकट 'नो सिग्नल' असं म्हणत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तरंगत जायची आणि मग मॉनिटरही डोळे मिटायचा.

"काल हळदकुंकू जरा सढळ हातानं वाहिलंत तुम्ही," बायको म्हणाली. "नाकातोंडात गेलं असेल."

मी हसलो. मग हसू आवरलं, कारण यंत्राला नाक नेमकं कुठे असतं हे मला सांगता आलं नसतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं मास्तर होतो. एमएस-सीआयटी केलं ते ज्ञानाच्या ओढीनं नव्हे. केलं नाही तर वेतनवाढ अडकेल म्हणून. आमच्या बॅचला सगळी पन्नाशीकडे झुकलेली मंडळी. माऊस खडूसारखा तीन बोटांच्या चिमटीत धरायची. त्या वर्गात कॉम्प्युटर बंद कसा करायचा हे फार कळकळीनं शिकवलं. आधी 'स्टार्ट'वर जायचं, मग 'शट डाऊन'. बंद करायला 'सुरू'चं बटण का, अशी शंका मी विचारली, तर शिकवणारा मुलगा म्हणाला, "सर, हे परीक्षेला नाही." पण मुळात तो सुरूच झाला नाही तर काय करायचं, हा धडाही परीक्षेला नव्हता.

मला घाई होती ती वेगळ्याच कारणासाठी. आदल्या संध्याकाळी आत्या सोनं द्यायला आली होती. जाताना चपला घालता घालता तिला आईची एक ओवी आठवली. मी ती मिळेल त्या पाकिटाच्या मागं उतरवून घेतली. आई जात्यावर म्हणायची त्या ओव्या मी वहीत टिपून ठेवल्या होत्या आणि पुढं या कॉम्प्युटरवर टाइप केल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून लाखावर ओव्या जमवल्या. माझ्या तीनशे बारा. आत्याची तीनशे तेरावी.

शेजारच्या निवृत्त बँकवाल्यांनी दारातूनच निदान केलं, "फॉरमॅट मारा."

एका काळी हा उपाय सुंठीसारखा सगळ्या दुखण्यांवर चालायचा. मशीन हळू झालं, फॉरमॅट मारा. प्रिंटर चालत नाही, फॉरमॅट मारा. म्हणजे माणसाला पडसं झालं तर त्याच्या सगळ्या आठवणी पुसून त्याला पुन्हा बालवाडीत बसवायचं. ज्याचा पडदाच लागत नाही त्याला फॉरमॅट तरी कसा मारणार, हे मी त्यांना विचारलं नाही. शेजार टिकवायचा असतो.

मग बाजारपेठेतल्या एका दुकानातून पोरगा आला. त्यानं पाठीवरची सॅकही खाली ठेवली नाही. बटण दाबलं, दहा सेकंद पंख्याचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "नो डिस्प्ले. मदरबोर्ड उडालाय, काका."

"उघडून न बघताच?"

"डीडीआर टूवालं मशीन आहे, काका. याचं स्पेअर शोधण्यात तुमची पेन्शन जाईल. नवीन घ्या, मी बसवून देतो."

या धंद्यात प्रत्येक मरणाला वेगळं क्रियापद आहे. बोर्ड उडतो, एसएमपीएस जळतो, हार्ड डिस्क क्रॅश होते आणि रॅम बिचारी नुसती जाते. ऐकणाऱ्याला सगळ्यांत भारी वाटतं ते बोर्डाचं उडणं. त्यात 'मदर' आहे म्हणूनही असेल. पोरगा गेला. मी पाकिटावरची ओवी पुन्हा वाचली आणि लेकीला फोन लावला.

लेक पुण्यात असते. 2009 साली ती कराडला इंजिनिअरिंगला गेली, तेव्हा हे मशीन सुटे भाग आणून जोडून घेतलं होतं. चार वर्षं तिच्याबरोबर राहून ते पदवी न घेता साताऱ्याला परत आलं.

"बाबा, रागवू नका, पण प्लग नीट लावलाय ना?"

मी रागावलो. पंखा फिरतोय म्हणजे वीज पोचतेय, एवढं मास्तरालाही कळतं.

"मॉनिटरची वायर? दोन्ही टोकांना?"

ती एका टोकाला ढिली होती. मी ती घट्ट केली आणि हे लेकीला सांगितलं नाही. त्यानं फरकही पडला नाही, त्यामुळे माझी अब्रू दोन्ही बाजूंनी वाचली.

"ओव्यांचा बॅकअप आहे ना, बाबा?"

"आहे की. एक कॉपी सीमध्ये आणि एक डीमध्ये."

पलीकडं शांतता पसरली. "बाबा, सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावं आहेत. घराच्या दोन किल्ल्या करून तुम्ही दोन्ही एकाच जुडग्यात अडकवल्यात."

मग तिनं धीर दिला. बोर्ड गेला म्हणून डिस्क जात नाही. ती काढून दुसऱ्या मशीनला लावता येते, ओव्या कुठं जात नाहीत. पण माझी अडचण त्याच्या पुढची होती. या ओव्या युनिकोड अंगवळणी पडण्याआधीच्या फाँटात आहेत. त्या फाँटांत 'आ' हा आतून 'आ' नसतोच. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठी वळणं चढवलेली असतात. फाँट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की सोंग उतरतं, आणि पंढरीच्या वाटेवर निघालेली ओवी स्वल्पविराम, डॉलर आणि मोडकी इंग्रजी अक्षरं होऊन पुढ्यात पडते. तो फाँट फक्त या पेटीत होता.

"ठीक आहे," लेक म्हणाली. "प्लग काढा आणि तसंच बटण तीस सेकंद दाबून धरा."

"प्लग काढून? मग दाबून उपयोग काय?"

"आत कपॅसिटरमध्ये साठून राहिलेली वीज उतरते. कधीकधी तेवढ्यानंही सुटतं."

मी दाबलं. वीज नसलेल्या पेटीतला पंखा एकदा थरथरला आणि थांबला. बायको दारात उभी होती. तिनं देवघराकडं पाहिलं.

पुढची पायरी पेटी उघडण्याची. या पेटीला आपण सगळे सीपीयू म्हणतो. लेक म्हणते सीपीयू म्हणजे आतला बिस्किटाएवढा प्रोसेसर. पेटीला कॅबिनेट म्हणायचं. पेटीला सीपीयू म्हणणं म्हणजे सगळ्या शाळेलाच हेडमास्तर म्हटल्यासारखं. मी तिला म्हटलं, काही शाळांत तसंच असतं.

मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला. आत पंधरासोळा वर्षांचं घर होतं. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची गोधडी, तिच्यावर पिवळी पडलेली झेंडूची पाकळी, पाचसहा अक्षता, एक पेनचं टोपण. आणि एसएमपीएसच्या जाळीपाशी एक पाल, वाळून पिंपळाच्या जाळीदार पानासारखी झालेली. शेपटीसकट शाबूत.

"हीच असणार," मी फोनमध्ये म्हणालो.

"नसेल, पण काढून टाका. निदान तुम्ही परंपरेत बसलात."

परंपरा अशी की 9 सप्टेंबर 1947 ला अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क टू नावाच्या खोलीभर पसरलेल्या गणकयंत्रात बिघाड शोधताना एका रिलेत अडकलेला पतंग सापडला. तिथल्या लोकांनी तो काढून नोंदवहीत चिकटवून टाकला. त्याच यंत्रावर काम करणाऱ्या ग्रेस हॉपर ही गोष्ट पुढं इतकी रंगवून सांगायच्या की पतंग त्यांनीच पकडला, असं लोक धरून चालले. बिघाडाला 'बग' म्हणण्याची रीत त्याआधीची, एडिसनच्या काळातली; पण जिच्यात खरोखरचा किडा आहे अशी ती वही अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. आमच्या पालीला एवढा मान मिळाला नाही. बायकोनं ती केरभरणीवर घेतली आणि परड्यात नेऊन टाकली.

जुन्या रंगाच्या ब्रशनं मी धूळ झाडली. मग लेकीनं बोर्डावरची नळकांडी बघायला सांगितली. ही छोटी छोटी, वर चकचकीत टोपी असलेली, टोपीवर फुलीसारखी रेघ. "डोकी फुगलीत का?" नव्हती. 2000 नंतरच्या काही वर्षांत जगभर असंख्य बोर्ड याच नळकांड्यांनी मेले. आतलं रसायन बिघडायचं, डोकं पुरीसारखं टम्म फुगायचं आणि त्या फुलीवर फुटायचं. फुटलंच तर तिथं हळू फुटावं, म्हणूनच ती रेघ असते. आपल्याकडच्या काही माणसांच्या डोक्यांनाही अशी सोय हवी होती.

"आता रॅम काढा. दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या खिट्ट्या खाली दाबा. पण आधी लोखंडाला हात लावा."

"कशाला?"

"अंगातली स्थिर वीज उतरायला. नाहीतर चिप दगावते."

म्हणजे सोवळं. आमची आजी देवाला हात लावण्याआधी पाण्याला शिवायची, मी रॅमला हात लावण्याआधी पत्र्याला शिवलो. रॅम म्हणजे वीतभरापेक्षा लहान हिरवी पट्टी, तिच्या खालच्या काठाला सोनेरी दात. एका बाजूला 120, दुसऱ्या बाजूला 120. मी मोजायला सुरुवात केली होती, पण लेक म्हणाली मोजू नका, दोनशे चाळीसच असतात. काठाला एक खाच, तीही बरोबर मधोमध नाही, जरा एका अंगाला. म्हणजे पट्टी उलटी बसायलाच नको. ज्यानं ही खाच ठरवली त्यानं आयुष्यात पहिलीच्या मुलांना बूट घालताना पाहिलं असणार.

सोनेरी दातांवर मात्र काळपट सावट होतं. साताऱ्याचा पाऊस. चार महिने मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, तिथं सोन्याच्या मुलाम्याचं काय?

"रॅम बाजूला ठेवा आणि तशीच, रॅमशिवाय, मशीन चालू करा. ऐकत राहा."

मी बटण दाबलं. पंखा फिरला. आणि पेटीच्या तळातून, मी विसरूनच गेलेल्या एका कर्ण्यातून, लांबलचक 'पीऽऽऽप' असा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. थांबला. पुन्हा.

"रडतोय गं!"

"रडू दे!" लेक ओरडली. "बाबा, बोर्ड जिवंत आहे. प्रोसेसर जिवंत आहे. त्याला रॅम सापडत नाहीये, म्हणून तो सांगतोय."

बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहून ज्यानं पहिलं रडणं ऐकलंय, त्याला हा आनंद वेगळा समजावून सांगायला नको. सकाळपासून ते पेटीतलं गप्प बसणंच आम्हाला छळत होतं.

लेकीनं मग जे समजावलं ते मला मास्तर म्हणून चटकन पटलं. कॉम्प्युटर उठला की कामाला लागण्याआधी हजेरी घेतो. 1981 च्या आयबीएम पीसीपासून ही रीत आहे, तिला पोस्ट म्हणतात. प्रोसेसर बोर्डावरच्या एका चिपमधली यादी उघडतो आणि पुकारतो: रॅम? डिस्प्ले? कीबोर्ड? सगळे हजर असले तर एक छोटा बीप, चला, प्रार्थना सुरू. कोणी गैरहजर असलं तर पडद्यावर लिहून दाखवायची सोय अजून नसते, कारण कदाचित पडदाच गैरहजर असतो. म्हणून शिट्ट्या. किती, आणि लांब की आखूड, यावरून कोण आलं नाही ते कळतं.

या सगळ्या उठण्याला 'बूट होणं' म्हणतात, आणि त्यात बूट खराच आहे. बुटाच्या मागं तो चढवताना धरायला पट्टी असते. ती धरून आपणच आपल्याला वर उचलायचं, अशी मूळची थट्टा. कारण डिस्कवरून प्रोग्रॅम आणायलाही आधी प्रोग्रॅमच लागतो. आपल्याकडचे जुने शास्त्री बजावून गेलेत की कितीही तरबेज कसरतपटू असला तरी तो स्वतःच्या खांद्यावर चढून बसू शकत नाही. कॉम्प्युटर रोज सकाळी चढतो. चढताना एखादे दिवशी घसरला तर त्याला उडाला म्हणायची घाई कशाला?

"आता खोडरबर घ्या."

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. पण खोडरबरच. लेकीची शाळेतली कंपासपेटी अजून टेबलाच्या खणात होती. तिच्यातला पांढरा रबर काढून मी रॅमचे सोनेरी दात दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं घासले. रबर काळा होत गेला, दात पिवळे. चुरा झटकला, तो खाचेत पडला तर नवं दुखणं. बत्तीस वर्षं या रबरानं मी फक्त पोरांच्या चुका पुसायला लावल्या होत्या.

रॅम परत बसवली. दोन्ही खिट्ट्या 'खट्' करून आपसूक वर आल्या. बटण दाबलं आणि कान लावला.

एक लांब. मग आखूड. मग आखूड.

"एक लांब, दोन आखूड!" मी फोनवर ओरडलो.

"अहो, ती डाळ आहे!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

डाळही होती. दोन्हीकडं शिट्ट्या चालल्या होत्या आणि आमच्या घरात शिट्ट्या मोजण्याचा अधिकार गेली अडतीस वर्षं एकाच व्यक्तीकडं आहे. मी बायकोला बाहेर बोलावलं. पुन्हा बटण दाबलं. ती पदराला हात पुसत, मान तिरकी करून, कुकरपाशी उभी राहते तशी उभी राहिली.

"एक लांब, दोन आखूड," ती म्हणाली. "आणि हा आवाज मघाच्यापेक्षा बरा आहे."

एक लांब, दोन आखूड म्हणजे डिस्प्ले गैरहजर. तिसऱ्या वर्षाला असताना लेकीनं 'प्रोजेक्टसाठी' म्हणून एक ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं होतं. कसला प्रोजेक्ट होता, असं मी आता विचारलं. त्यात गाड्यांची शर्यत होती, असं तिनं आता सांगितलं. कार्डाच्या टोकाला एक लपलेली खिट्टी असते, ती दाबल्याशिवाय कार्ड निघत नाही; ती शोधण्यात माझी दोन बोटं सोलली. याचेही दात रबरानं घासले, कार्ड बसवलं, मॉनिटरची वायर लावली. घट्ट.

बटण.

एकच. आखूड. 'टीप'.

पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. आम्ही दोघं चष्मे सावरून वाचू लागलो. यंत्राचं म्हणणं असं, की कीबोर्ड जोडलेला नाही. पुढं जाण्यासाठी एफ वन दाबा.

कीबोर्ड मी साफसफाईत काढून ठेवला होता, हे खरं. पण जो कीबोर्ड नाही त्याच्यावरचं एफ वन दाबायचं कसं? लेक म्हणाली, हा या यंत्रांच्या जगातला फार जुना विनोद आहे. मला तो विनोद वाटला नाही. "जे गैरहजर असतील त्यांनी हात वर करा," असं मी एकदा चौथीच्या वर्गात म्हणालो होतो, आणि दोघांनी केले होते.

कीबोर्ड जोडला, पुन्हा सुरू केलं. यंत्राची तक्रार आता दुसरी होती. लेकीनं ती वाचायला लावली आणि उलगडून सांगितली: बोर्डावर रुपयाएवढा गोल सेल असतो, सीआर 2032, तीन व्होल्टचा. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं आणि मालकानं सांगून ठेवलेलं लक्षात ठेवायचं, एवढंच त्याचं काम. तो संपलाय. त्यामुळे यंत्र सगळं विसरलंय आणि नव्यानं सुरुवात करतंय. एफ वन दाबा.

दाबलं. विंडोज एक्सपीची हिरवी टेकडी आणि निळं आभाळ आलं. बायको म्हणाली, "हे बाई, हे चित्र किती दिवसांनी पाहिलं," जणू ते मधल्या काळात माहेरी गेलं होतं. रोज पाहत होतो आम्ही ते.

लेकीनं दोन गोष्टी बजावल्या: आजच्या आज ओव्या पेनड्राइव्हवर घ्यायच्या, फाँटासकट, आणि सेल आणायचा. घड्याळजीकडं मिळतो. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. दुकानातल्या पोराला फोन करून कळवावं असं फार वाटलं, पण त्याचा नंबर कॉम्प्युटरमध्ये होता आणि आता तो सापडला असता, म्हणून मी शोधलाच नाही.

फाईल उघडली. तीनशे बारा ओव्या जागच्या जागी, वेलांट्या-उकारांसकट. पाकीट टेबलावर उभं केलं आणि आत्याची ओवी टाइप केली. जुन्या कीबोर्डची बोटांना सवय असते. 'ळ' कुठं आहे हे मला सांगता येणार नाही, पण करंगळीला माहीत आहे. सेव्ह केलं. मग सहज खाली उजव्या कोपऱ्यात पाहिलं.

घड्याळात तारीख होती 1 जानेवारी 2009.

आई गेली 2013 साली. म्हणजे या यंत्राच्या हिशोबानं ती आत्ता मागच्या पडवीत उन्हाला पाठ देऊन बसलेली, आणि ही तीनशे तेरावी ओवी मी तिला विचारून, आत जाऊन, टाइप करून आलोय. फाईलवर तारीखही तशीच पडली होती. मी ती बदलायला माऊस कोपऱ्याकडं नेला.

"अहो," आतून हाक आली, "तुमच्या त्या टीपटीपीत माझ्या मोजायच्या राहिल्या. भाताच्या किती झाल्या?"

मी मोजल्या नव्हत्या.

"दोन," मी म्हणालो.

"लांब का आखूड?"